कादंबरीत धर्म अन् नीती आणताय? मग या चुका टाळा

गावाकडची कादंबरी लिहायला घेतली की धर्म येतोच, सप्ताह येतो, पोथी येते, वर्गणी येते, आणि नेमकी तिथेच गाडी फसते. माझी तर पार आखापर्यंत फसली होती.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भक्त दिसला की तो ढोंगीच, हे आधीच ठरवून टाकणं. माझ्याकडे एक कापसाचा व्यापारी होता, ओलाव्याच्या नावाखाली क्विंटलमागे 2 किलो कापणार आणि सप्ताहाची पहिली पावतीही हाच फाडणार. झालं, बदमाश रंगवून मी मोकळा! मावशीला वाचून दाखवलं तर म्हणे, "बाप्पा, पण काल्याच्या कीर्तनात तो खरंच रडते का नाई, ते सांग ना." दोन दिवस डोक्यातून जाईना. मग परत लिहिलं. आता तो खरंच रडतो, आणि कापलेल्या कापसाचा हिशेब ज्या वहीत, महाप्रसादाच्या तूरडाळीचा खर्चही त्याच वहीत, समोरच्या पानावर. त्याच्या मते बेरीज जुळते.

दुसरं, कीर्तनकाराच्या तोंडून स्वतःच बोलत सुटू नका. गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडायचे, रात्री कीर्तन, आणि त्यातही भाषण कमी, समोरच्यालाच प्रश्न जास्त. आपल्या विदर्भातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी 13 व्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणींचं लीळाचरित्र लिहिलं तेही असंच, छोटे छोटे प्रसंग, कोण कुठे बसलं, काय खाल्लं, काय विचारलं. म्हणून पानभर उपदेश झाला असेल तर ते पान काढून बघा, कथा अडत नसेल तर गेलं तेच बरं.

आणि सगळ्या गावाला एकाच देव्हाऱ्यासमोर बसवू नका राव. महानुभाव पंथाच्या घरी सत्यनारायण घातला, किंवा 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्या घरात गणपती मांडला, की इकडचा वाचक पुस्तक मिटतो. हां, म्हातारी देवाचा जुना टाक कणगीत लपवून ठेवते आणि नातवाला तो सापडतो असं असेल तर ती चूक नाही, तिथे तर थांबून दोन प्रकरणं लिहा.

शेवटी पाप्यावर वीज पाडणं, साप चावणं वगैरे, नकोच. मावशीला अजून वाटतं व्यापाऱ्याला लकवा मारायला पाहिजे. मी नाही म्हटलं, तर दोन दिवस बोलली नाही.