'संपर्क तुटला' या शेऱ्यापासून सुरुवात करा

बेघर होण्याआधीच माणसाला सावरणाऱ्या कायद्याचा वंचितांवर काय परिणाम झाला, हे तपासायला बसलं की आधी गटांची यादी होते: स्त्रिया, अपंग, वृद्ध, स्थलांतरित. प्रत्येकापुढे 'परिणाम सकारात्मक' असं लिहिलं की फाइल बंद. मीही बरीच वर्षं हेच करत होते. आता यादी बाजूला ठेवते आणि आधी कायद्याच्या पायऱ्या, म्हणजे मदत मागण्यापासून घर टिकेपर्यंतचे टप्पे, कागदावर मांडते.

इंग्लंडचा 2017चा कायदा घ्या. तो एप्रिल 2018 पासून लागू झाला. घर सुटायला 56 दिवस उरले की मदत मागता येते. आधी ही मुदत 28 दिवसांची होती. मुदत दुप्पट झाली, छान. पण 56 दिवस आधी कळतं कुणाला? ज्याच्या हातात भाडेकरार आणि लेखी नोटीस आहे त्याला. मित्राच्या सोफ्यावर झोपणाऱ्याला 'उद्यापासून जमणार नाही' एवढंच ऐकायला मिळतं. मारहाणीमुळे रात्री घर सोडणाऱ्या बाईकडे तर एकही दिवस नसतो. कलमात कुणाचंच नाव नाही, तरी वाढीव मुदतीचा फायदा कागद असलेल्यांकडेच झुकतो.

मग आकडे. समजा 1000 अर्जदारांत 120 अपंग आहेत. एकूण 400 जणांची घरं टिकली, त्यांत अपंग 24. 'चोवीस अपंगांना मदत झाली' हे अहवालातलं वाक्य खरंच आहे. पण एकूण अर्जदारांत शंभरातल्या 40 जणांची घरं टिकली आणि अपंगांत 20 जणांचीच, हे ते वाक्य झाकून टाकतं. म्हणून प्रत्येक पायरीवर प्रत्येक गटाचं प्रमाण काढा. तरुण आणि अपंग, स्त्री आणि स्थलांतरित अशा जोड्याही तपासा. जोडीत माणसं फार थोडी उरली तर टक्केवारी सोडा, ती प्रकरणं वाचा.

एखाद्या पायरीवर एखाद्या गटाची गळती दिसली की 'संपर्क तुटला' शेऱ्याने बंद झालेली प्रकरणं काढा. एकदा मी ती 'अपुरी माहिती' म्हणून सरळ वगळली होती. नंतर वाचायला घेतली, तर पत्रं त्याच घरी पाठवलेली, जे अर्जदाराने गमावलं होतं! कुणाला पत्राची भाषा येत नव्हती, कुणी भेटीच्या दिवशी इस्पितळात होतं. मला हवं ते उत्तर त्या गठ्ठ्यातच होतं.

दोन देशांचे आकडे शेजारी ठेवताना व्याख्या जुळवा. स्कॉटलंडने 2012च्या अखेरीस 'प्राधान्य गरजे'ची अट (बेघरांपैकी ठरावीक गटांनाच घराचा पूर्ण हक्क) काढून टाकली, इंग्लंडमध्ये ती आहे. शिवाय इंग्लंडमध्ये 2021च्या कायद्याने घरगुती अत्याचारामुळे बेघर झालेल्यांना आपोआप प्राधान्य मिळालं, त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे आकडे सरसकट मिसळू नका.

कार्यालयाच्या नोंदींत न आलेली माणसं निवारागृहात आणि मोफत जेवणाच्या रांगेत भेटतात. अर्ज का केला नाही, एवढंच विचारा, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. (आपण सल्लागारांना देतोच की.)

हे सगळं अहवालावरून होणाऱ्या निर्णयावर सही होण्याआधी व्हायला हवं. शेवटच्या पानावर कोणती पायरी कोण बदलणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते लिहा. वर्षभराने पुन्हा जाल, तेव्हा आधी 'संपर्क तुटला'चा गठ्ठा मागा.