सीएच्या ऑफिसात पहिली नोकरी: बी.कॉम. झालेल्या गावाकडच्या मुलामुलींसाठी

आधी वेळ साधा. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न), २० ला जीएसटीआर-३बी (महिन्याचा कर भरण्याचं रिटर्न) आणि ३० सप्टेंबरला टॅक्स ऑडिटचा अहवाल असतो. या तारखांच्या तोंडावर अर्ज घेऊन गेलात तर तो फायलींखाली जातो. २१ नंतर, दुपारी, स्वतः जा. नागपूरच्या मोठ्या फर्मना मेल करत बसण्यापेक्षा वणी, हिंगणघाट, पुसदची छोटी ऑफिसं आधी गाठा. तिथे लवकर सगळं काम हाती पडतं.

बायोडेटा एकच पान. "टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) येते" एवढं लिहून भागत नाही. ओळखीच्या दुकानदाराची परवानगी घेऊन त्याची महिन्याभराची बिलं टॅलीत चढवा, बँक स्टेटमेंटशी जुळवा, खरेदी १४ तारखेला येणाऱ्या जीएसटीआर-२बीशी, म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीशी, ताडून पाहा. न जुळलेली बिलं का जुळली नाहीत, ते प्रत्येकापुढे लिहा: जीएसटी नंबर चुकला की विक्रेत्याने रिटर्नच भरलं नाही? नाव झाकून हा कागद मुलाखतीत दाखवा. प्रमाणपत्रापेक्षा तोच जास्त बोलतो.

आपल्या विदर्भात कापसावरच्या जीएसटीचा नियम पक्का हवा. नोंदणीकृत जिनिंगने शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला की ५% जीएसटी रिव्हर्स चार्जने (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरायचा) जिनिंगच भरते, तोही पोर्टलवरच्या रोख खात्यातून; ३बीत तो ३.१(ड) मध्ये दाखवायचा, मग त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, घ्यायचं. नवखे नेमके इथेच जमा क्रेडिटमधून वळतं करायला जातात.

पगार सुरुवातीला कमीच असतो. पण रिटर्न स्वतः भरायला मिळेल का, हे रुजू होण्याआधी विचाराच.