वेबसाईट लाईव्ह करताय? आधी या चुका टाळा

लॉंचच्या दिवशी कोडमधल्या बगपेक्षा जास्त छळतात त्या स्टेजिंगवरून (लॉंचआधीच्या चाचणीच्या साईटवरून) तशाच पुढे आलेल्या सेटिंग्ज. आपल्या मशीनवर सगळं नीटच दिसतं कारण आपण लॉगिन असतो, कॅश (ब्राउझरने आधीच साठवलेली पेजेस) भरलेली असते, म्हणून आधी मोबाईल डेटावर, इन्कॉग्निटोमध्ये साईट उघडा, अगदी अनोळखी माणसासारखी.

सगळ्यात वाईट म्हणजे राहून गेलेलं नोइंडेक्स, म्हणजे हे पेज सर्चमध्ये दाखवू नका ही सर्च इंजिनला दिलेली सूचना. साईट मस्त चालते, एरर कुठेच नाही, फक्त गूगलमध्ये येत नाही आणि हे कळेपर्यंत आठवडे जातात. नुसता पेजचा सोर्स बघून थांबू नका, रिस्पॉन्स हेडरमध्ये (सर्व्हर पेजसोबत पाठवतो त्या माहितीत) नोइंडेक्सवाला एक्स-रोबोट्स-टॅग आहे का तेही बघा, बऱ्याचदा तो सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये लपलेला असतो. आणि रोबोट्स डॉट टीएक्सटी फाईलमध्ये डिसअलाऊ (हे पेज वाचू नका) टाकलं म्हणजे पेज इंडेक्स होणारच नाही असं नसतं हं! क्रॉलर (सर्च इंजिनचा पेजेस वाचणारा प्रोग्रॅम) पेज वाचत नाही एवढंच, बाहेरून कुणी लिंक दिली असेल तर यूआरएल रिझल्टमध्ये येऊ शकते, आणि पेजच वाचलं नाही तर त्यातलं नोइंडेक्स त्याला दिसणार कसं? स्टेजिंगला सरळ पासवर्ड लावा, विषय संपला.

डीबग मोड (एररचा सगळा तपशील दाखवणारी सेटिंग) बंद आहे ना? जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये डीबग ट्रू राहिलं तर एरर आल्यावर कोडच्या ओळी, फाईलचे पाथ, बऱ्याच सेटिंग्ज सगळ्यांसमोर उघड्या पडतात. मुद्दाम चुकीची लिंक टाकून बघा, ४०४ (सापडलं नाही) स्टेटस यायला हवा, नुसतं "पेज सापडलं नाही" लिहून २०० (सगळं ठीक) देणं चुकीचं. मग डोमेनपुढे डॉट ईएनव्ही (पासवर्डसारख्या सेटिंग्जची फाईल) आणि डॉट गिट स्लॅश हेड (कोडची हिस्टरी ठेवणाऱ्या गिटची फाईल) टाकून बघा. यातलं काहीही उघडलं तर लॉंच थांबवा, कारण डॉट गिट उघडं असेल तर अख्खा कोड हिस्टरीसकट बाहेर काढता येतो. त्यात पासवर्ड असेल तर फाईल डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये (कोडच्या साठवलेल्या आवृत्तीत) तो राहतोच, पासवर्डच बदला.

सर्व्हर बदलणार असाल तर डीएनएसचा (डोमेनवरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे तो पत्ता कॅशमध्ये किती वेळ ठेवायचा तो आकडा, आधीच कमी करा. तो ८६४०० सेकंद असेल तर जुना पत्ता २४ तास कॅशमध्ये राहू शकतो, म्हणून ३०० करायचा तो निदान एक दिवस आधी, ऐनवेळी करून उपयोग नाही.

एसएसएल सर्टिफिकेट (एचटीटीपीएससाठी लागतं ते) डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि त्याशिवाय, दोन्हीकडे चालतंय का बघा. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं फार तर ९० दिवस चालतं, ऑटो रिन्यू लावलेलं असतं, पण रिन्यू झाल्यावर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीलोड झाला नाही तर तो जुनंच सर्टिफिकेट देत बसतो, ही गोष्ट फार जण विसरतात.

आणि बॅकअप रोज होतोय एवढ्यावर विसंबू नका, रिकाम्या डेटाबेसवर एकदा रिस्टोर करून बघाच. युजरनी अपलोड केलेले फोटो सहसा फोल्डरमध्ये असतात, डेटाबेसच्या डंपमध्ये (बाहेर काढलेल्या प्रतीत) ते येत नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळा लावा.