चारी चाकांना जोर देणारी, ट्रेलर ओढणारी आणि घरच्यांना पुरणारी गाडी घेण्याआधी

शोरूमची पायरी चढण्याआधी एक काम घरी बसून उरका: जे ओढायचं आहे त्याचं वजन लिहून काढा. रिकाम्या ट्रेलरचं नव्हे, भरलेल्याचं. कॅरव्हॅन (मागे ओढायचं चाकांवरचं घर) असेल तर पाण्याची टाकी, गॅस सिलिंडर, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण सगळं धरून. बोट असेल तर तिचं इंजिन आणि इंधन धरून. वजनकाट्यावर नेता आलं तर सोन्याहून पिवळं, कारण अंदाज बहुधा कमीच निघतो.

मग माहितीपत्रकात ठळक छापलेली ओढण्याची क्षमता बाजूला ठेवा आणि बारीक अक्षरांतले आकडे शोधा. गाडीचं स्वतःचं वजन, माणसं-सामानासह तिचं कमाल वजन, गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन, आणि ट्रेलर जोडायच्या हुकावर किती भार चालतो तो आकडा. समजा गाडी १,९०० किलोची आहे, भरल्यावर २,६०० पर्यंत चालते, दोन्ही मिळून मर्यादा ४,६०० आहे आणि जाहिरातीत म्हटलंय २,५०० किलो ओढते. तेवढा ट्रेलर खरंच जोडला तर गाडीच्या वाट्याला उरले २,१०० किलो. म्हणजे माणसं आणि सामान मिळून फक्त २०० किलो. दोन मोठी माणसं आणि थोड्या बॅगा. मुलांनी बसायचं कुठे? उलट गाडी पूर्ण भरली तर ट्रेलर २,००० किलोचाच हवा. कुटुंबासाठी गाडी घेणाऱ्याने हा हिशेब केल्याशिवाय पुढे जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

ट्रेलरचा जो भार हुकावर येतो तोही गाडीतल्या सामानातच धरायचा. साधारणपणे ट्रेलरच्या वजनाच्या १० टक्के धरतात. तो फार कमी पडला तर ट्रेलर मागे डोलायला लागतो, जास्त झाला तर गाडीची मागची बाजू बसते आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर मर्यादा खूपच खाली येते. बऱ्याच गाड्यांत ती ७५० किलोवर थांबते.

आता चारी चाकांना इंजिनचा जोर मिळण्याचं. पाऊस, बर्फ, ओलं गवत एवढंच असेल तर आपोआप काम करणारी ऑल व्हील ड्राइव्ह पुरते. पाण्यातून बोट वर काढायची, चिखलातून किंवा खड्या चढावरून ओझं ओढायचं, तर लो रेंज (हळू पण जास्त जोराने ओढणारे गिअर) असलेली फोर व्हील ड्राइव्ह बघा. यात एक नीट विचारून घ्या: मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, आहे का? नसेल तर फोर व्हील लावून कोरड्या डांबरी रस्त्यावर चालवता येत नाही. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण थेट गिअरच्या यंत्रणेवर येतो. आणि चारी चाकांना जोर मिळाला म्हणून गाडी लवकर थांबत नाही. ते टायरवर आहे.

टेस्ट ड्राइव्हला मुलांच्या सीट सोबत न्या, मागे एका रांगेत खरोखर बसवून बघा. तिसरी रांग उघडल्यावर डिकीत काय उरतं तेही पाहा. ट्रेलर जोडलेला असताना डिकीचं दार उघडतं की ट्रेलरच्या दांड्यावर आपटतं, हे विचारायचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. इलेक्ट्रिक गाडी मनात असेल तर ओढताना रेंज (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते हे धरून चला, आणि वाटेतल्या चार्जरवर ट्रेलर न सोडता गाडी लावता येते का ते बघा.

वापरलेली गाडी असेल तर खाली वाकून टॉर्च मारा: हुकाभोवतीचा गंज, चासीला (गाडीच्या सांगाड्याला) पडलेल्या भेगा, डिफरन्शियलवर तेलाचे ओघळ. ऑटोमॅटिक असेल तर गिअरच्या तेलाला जळका वास येतो का बघा. मोकळ्या कच्च्या जागेत लो रेंज लावून दाखवायला सांगा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर सौदा तिथेच थांबवा. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. शेवटी कागद: हुक मंजूर बनावटीचा आहे का, विमा कंपनीला तो कळवलाय का, आणि एवढं वजन ओढायला तुमचा परवाना पुरतो का.