कांद्याची साल, हवेचा बुडबुडा आणि हरवलेली तीन शून्यं

मंडईतून आणलेला कांदा, सॅफ्रनिन या लाल रंगाचा एक थेंब, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शी. अकरावीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला याहून जास्त काही लागत नाही. तरी जर्नल तपासायला घेतलं की दरवर्षी त्याच त्या चुका.

"सर, केंद्रक दिसलं!" मी सूक्ष्मदर्शीला डोळा लावतो. जाड काळी कड, आत लख्ख पांढरं, कंपासने काढावं तसं गोल. बुडबुडा! केंद्रक रंग घेतं, हवा घेत नाही. शिवाय पूर्ण वाढलेल्या पेशीत मोठी रिक्तिका, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, मधली जागा अडवून बसते, त्यामुळे केंद्रक बरेचदा भिंतीकडे सरकलेलं असतं. कव्हरस्लिपची, म्हणजे वरून झाकायच्या पातळ काचेची, एक कड थेंबाला टेकवा, दुसरी सुईवर तोलून हळूहळू खाली येऊ द्या. वरून टपकन टाकली की हवा अडकलीच.

साल काढायची ती कांद्याच्या पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूची. ती घडी पडलेली असेल तर दोन थर एकावर एक दिसतात आणि भिंतींचं नुसतं जाळं होतं. फोकस नेहमी ४ किंवा १० पटीच्या भिंगावर आधी. ४० पटीचं भिंग लावून मोठा स्क्रू फिरवला की कव्हरस्लिपचा कडकन आवाज येतो. तो मी फार वेळा ऐकलाय. चित्र फिकट वाटलं तर प्रकाश वाढवू नका, उलट डायफ्रॅम, म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र, थोडा मिटा.

आकृतीत हिरवे ठिपके काढणाऱ्यांचं काय करावं? कांद्याच्या या पेशीत हरितलवकं नसतात, ती पुस्तकातल्या 'वनस्पती पेशी'तून उतरतात. हरितलवकं पाहायचीच असतील तर हायड्रिला या पाणवनस्पतीचं पान घ्या.

आता मापं. एका मुलीने पेशीची लांबी लिहिली होती ०.३ मायक्रोमीटर. आपल्या आतड्यातला ई. कोलाय साधारण २ मायक्रोमीटर लांब असतो, म्हणजे हिच्या कांद्याची पेशी जिवाणूहूनही लहान! तिला म्हणायचं होतं ०.३ मिलिमीटर, म्हणजे ३०० मायक्रोमीटर. १ मिलिमीटरचे १००० मायक्रोमीटर, आणि १ मायक्रोमीटरचे १००० नॅनोमीटर. दर पायरीला तीन शून्यं, आणि हरवतात ती हीच.

हे ३०० आले कुठून? नेत्रिकेवर, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगावर, १० पट आणि पुढे १८ असं लिहिलेलं असेल, तर १० पटीच्या भिंगाखाली दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास १८ भागिले १०, म्हणजे १.८ मिलिमीटर. त्यात टोकाला टोक लावून सहा पेशी बसल्या तर प्रत्येकी ३०० मायक्रोमीटर. भिंग ४० पटीचं केलं की व्यास उरतो ०.४५ मिलिमीटर, मग एकच पेशी अर्ध्याहून जास्त जागा खाते.

आणि आकृतीखालचं '१०० पट'? ते सूक्ष्मदर्शीचं (नेत्रिकेचे १० गुणिले भिंगाचे १०), तुमच्या आकृतीचं नाही. जर्नलमध्ये पेशी ६ सेंटिमीटर लांब काढलीत, म्हणजे ६०,००० मायक्रोमीटर. भागिले ३००: आकृती २०० पट. पट्टी घ्या, कागदावर मोजा, भागाकार करा. पट्टी विसरला असाल तर शेजारच्याची मागा, पण अंदाजाने १०० लिहू नका. त्याचा मी अर्धा गुण कापतो.