मुरमांच्या क्रीमचा गुण येईनासा झालाय? या चुका टाळा

पहिल्या ट्यूबने चेहरा साफ झाला, तिसरी संपत आली तरी आता ढिम्म फरक नाही. मग लोक म्हणतात, त्वचेला क्रीमची सवय झाली. पण सरावते ती त्वचा नव्हे, जंतू सरावतात.

सर्रास होणारी चूक म्हणजे नुसतं क्लिंडामायसिन जेल महिनोन् महिने लावत राहणं. ते अँटिबायोटिक आहे. मुरमांतले दुबळे जंतू त्याने मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. म्हणून जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड हवं. ते जंतूंना थेट ऑक्सिडेशनने मारतं, त्यामुळे त्याला दाद न देणारे जंतू तयार होत नाहीत. बहुतेकांना 2.5 टक्क्यांचं पुरतं. 10 टक्क्यांनी आग आणि सालपटंच जास्त. त्याने कपड्यांचा रंग उडतो, तेव्हा टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढराच घ्या. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्याही साधारण तीन-चार महिन्यांपलीकडे मनाने चालू ठेवू नका.

बुजलेली रंध्रं मोकळी करणाऱ्या अडापलीन जेलचं उलटं होतं. सुरुवातीला मुरूम थोडे वाढू शकतात, लोक घाबरतात आणि तिसऱ्या आठवड्यात ट्यूब कपाटात जाते. खरा फरक 8 ते 12 आठवड्यांनी दिसतो. चेहरा साफ झाल्यावरही लगेच बंद करू नका, कारण डोळ्यांना न दिसणारी बुजलेली रंध्रं तशीच असतात. आणि मुरमावर टिकली लावल्यासारखं नको. वाटाण्याएवढं घेऊन सगळ्या चेहऱ्यावर पातळ पसरा.

आता मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. मैत्रिणीने सांगितलं म्हणून मेडिकलमधून आणलेली 'गोरं करणारी' क्रीम. ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल यांपैकी काही दिसलं, तर ते स्टेरॉइड आहे. लाली झटक्यात उतरते, म्हणून क्रीम जादूची वाटते. पुढे त्याच क्रीमने मुरूम येतात, त्वचा पातळ होते, गालांवर लव वाढते, आणि बंद केलं की चेहरा भडकतो. मग तीच पुन्हा लावली जाते. यातून घरच्या घरी सुटायचा खटाटोप न करता त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

कधी ते मुरूमच नसतात. कपाळावर, पाठीवर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या असतील तर ती बुरशी असू शकते. अँटिबायोटिकने ती उलट फोफावते. केसांना रोज तेल थापत असाल तर कपाळाचं कोडं तिथेही सुटेल. हनुवटी-जबड्यावर मोठे, दुखरे मुरूम आणि पाळीही अनियमित असेल, तर पीसीओएसची, म्हणजे हार्मोन्स बिघडल्याने होणाऱ्या त्रासाची, तपासणी करून घ्या. तिथे एकट्या क्रीमने भागत नाही.

डॉक्टरांकडे जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब घेऊन जा, रिकाम्याही. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ते आधी सांगा: अडापलीन, डॉक्सिसायक्लिन तेव्हा टाळतात, आणि हट्टी मुरमांसाठी देतात त्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं.