तारा जुळवताना काय बोलायचं?

बोस्टनकडे शिकायला आला असाल आणि स्वतःची गाणी गिटारवर म्हणायची हौस असेल, तर पहिल्या ओपन माइकला (म्हणजे कुणीही नाव लिहून एक-दोन गाणी म्हणायची बैठक) गिटार घरी ठेवून जा. नुसतं ऐका. मी ऐकलं नाही, थेट नाव लिहिलं.

जानेवारी, बाहेर उणे दहा. बोस्टनला लागून असलेल्या सॉमरव्हिलमधल्या एका छोट्या कॅफेत शिरलो, घाईने गिटारची केस उघडली, सहाही तारा जुळवल्या आणि नंबराची वाट बघत बसलो. चाळीस मिनिटांनी पहिला कॉर्ड वाजवला आणि माझाच चेहरा उतरला. गार तारा खोलीच्या उबेत सैल पडतात, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं! आता केस अर्धा तास बंदच ठेवतो आणि नाव पुकारायच्या जरा आधी सूर लावतो. (हिवाळ्यात हीटरने घरातली हवा कोरडी होते. केसमध्ये ओलावा देणारी डबी ठेवा, नाहीतर लाकूड चिरतं.)

पण खरी चूक पुढे झाली. मान खाली घालून दीड मिनिट खुंट्या पिळत बसलो. आपल्या मैफलीत तबलजी हातोडी घेऊन ठाकठोक करत बसला तरी कुणाची हरकत नसते. इथे तो वेळ गाणाऱ्याने बोलून भरायचा असतो. आपल्याला ती सवय नाही. ‘गीतरामायण’ 1955 साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, तेव्हा शब्द गदिमांचे, चाल बाबूजींची आणि गायला कितीतरी गळे. इथे कवी, संगीतकार, गायक, वादक आणि निवेदक, सगळं एकच माणूस.

नॅशव्हिल या अमेरिकन संगीताच्या शहरातल्या ब्लूबर्ड कॅफेत तर चार गीतकार खोलीच्या मधोमध एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि पाळीपाळीने गातात. 1985 पासूनची ही पद्धत. जेमतेम नव्वद खुर्च्या, आणि कुजबुजलात तरी गप्प करतात. तिथे मी श्रोता म्हणून बसलो आणि कागद काढून गाण्यांऐवजी मधलं बोलणंच टिपलं. गाण्याचा अर्थ कुणीच सांगत नव्हतं. एखादं स्वयंपाकघर, एखादी जुनी गाडी, वडिलांचा एखादा शब्द. तीन-चार वाक्यं, की गाणं सुरू.

माणसं कमी आली म्हणून खट्टू होऊ नका. बोस्टनजवळच्या हार्वर्ड स्क्वेअरच्या क्लब 47 मध्ये 1958 साली जोन बाएझ, पुढे गाजलेली लोकगायिका, पहिल्यांदा गायली, तेव्हा घरचे-मित्र धरून आठ-एक माणसं होती आणि बिदागी दहा डॉलर.

बिदागीवरून आठवलं. एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर पैसे घेऊन गाऊ नका. टिपांची बरणी ठेवण्याआधीसुद्धा कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा. ओपन माइकला फुकट दोन गाणी म्हणायची, एवढंच.

मी आधी म्हणायचो, ‘हे गाणं स्थलांतरितांच्या एकटेपणाबद्दल आहे.’ लोक सभ्यपणे फोनकडे बघायचे. पुढच्या वेळी कापो (सूर चढवायला गिटारच्या मानेवर लावतात तो चिमटा) लावता लावता म्हटलं, ‘माझी आजी एसटीत डोळे मिटून बसायची आणि नुसत्या वासावरून सांगायची, कुठलं गाव आलं.’ पुढच्या टेबलावरच्या बाई हसल्या. ‘आणि चुकायची का?’ त्यांनी विचारलं. ‘एकदाच,’ मी म्हणालो, ‘तेव्हा आम्ही पंढरपूरऐवजी बार्शीला उतरलो.’ खोली हसली, मी गायला लागलो. ‘बी’ सुराची तार मात्र अजून उतरलेलीच होती.